ब्राउझरमध्ये फाइल उघडत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातबारा, ई-आधार, शासन निर्णय, परीक्षेचं प्रवेशपत्र, बँकेचं स्टेटमेंट, व्हिसाचा फॉर्म. ही कागदपत्रं ऐन गरजेच्या वेळी उघडत नाहीत आणि माणूस हवालदिल होतो. बहुतेक जण लगेच ब्राउझर काढून परत टाकतात. त्याची गरज फार क्वचित पडते, कारण दोष बहुधा ब्राउझरचा नसतोच. फाइल आपल्यापर्यंत पूर्ण आली का आणि जी आली ती खरंच हवी असलेली फाइल आहे का, एवढं आधी तपासलं तर निम्म्याहून जास्त अडचणी तिथेच सुटतात.

फाइल उघडत नाही, एवढंच कळतंय. सुरुवात कुठून करू?

कीबोर्डवर कंट्रोल दाबून जे दाबा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्हींमध्ये यानं डाउनलोडची यादी उघडते. तुमची फाइल यादीतच नसेल तर ती आलेलीच नाही, मग खाली 'बटण दाबतो, पण काहीच होत नाही' हा प्रश्न वाचा. यादीत असेल तर तिच्या शेजारच्या फोल्डरच्या चिन्हावर क्लिक करून ती जिथे उतरली आहे तिथे जा आणि दोन गोष्टी बघा: नावाचा शेवट आणि आकार. (शेवट दिसतच नसेल तर तो कसा दाखवायचा ते खाली लग्नपत्रिकेच्या प्रश्नात आहे.)

नावाच्या शेवटी 'सीआरडाउनलोड' किंवा 'पार्ट' असेल तर डाउनलोड अर्धवट राहिलं आहे. अशा फाइलचं नाव बदलून काही होत नाही, ती परत उतरवावी लागते. आकार शून्य केबी असेल तर नाव आलं पण आत काही आलं नाही. दहा पानी स्कॅन केलेल्या कागदाची अपेक्षा आहे आणि आकार जेमतेम दोन-तीन केबी दिसतोय, तर ती तुमची फाइल नव्हे. तिथे भलतंच काहीतरी उतरलं आहे.

'फेल्ड टु लोड पीडीएफ डॉक्युमेंट' असा संदेश येतो. फाइल खराब झाली का?

फाइल खराब असू शकते, पण बऱ्याचदा ती पीडीएफच नसते. हे तपासायला विंडोजमधलं साधं नोटपॅड पुरतं. फाइलवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ' मधून नोटपॅड निवडा आणि फक्त पहिली ओळ बघा. पुढची चित्रविचित्र अक्षरं दिसली तरी घाबरू नका. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा.

खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हानं होते आणि त्याला लागून पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरं आणि आवृत्तीचा आकडा असतो, बहुधा १.४ किंवा १.७. सुरुवातीला पी आणि के ही अक्षरं दिसली तर ती झिप फाइल आहे किंवा नव्या पद्धतीची वर्ड-एक्सेलची फाइल आहे, कारण त्याही आतून झिपच असतात. (ही झिप प्रकार बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं.) अशा वेळी ती कोणत्या प्रोग्रामची आहे हे पाठवणाऱ्याला विचारा आणि नावाच्या शेवटचं पीडीएफ बदलून योग्य ते लिहा. ती उघडेल.

कोनाच्या कंसात 'एचटीएमएल' किंवा 'डॉकटाइप' दिसलं तर ते वेबपेज आहे. सरकारी आणि बँकेच्या साइटवर हे सतत होतं. तुम्ही लॉगिन करून ठेवता, मध्ये चहाला जाता, तोवर सत्राची, म्हणजे त्या लॉगिनची, वेळ संपते. परत येऊन डाउनलोडचं बटण दाबलं की सर्व्हर कागदपत्राऐवजी लॉगिनचं पान पाठवतो आणि ब्राउझर तेच पान पीडीएफ या नावानं जपून ठेवतो. अशी फाइल दुरुस्त करायच्या नादी लागू नका. लॉगआउट करा, परत लॉगिन करा आणि लगेच डाउनलोड करा.

बटण दाबतो, पण काहीच होत नाही.

पॉप-अप, म्हणजे आपोआप उघडणारी नवी खिडकी, अडवला गेला असणार. भूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साइटसारख्या साइट सातबारा नव्या खिडकीत उघडतात आणि ब्राउझर अशी खिडकी जाहिरात समजून रोखतो. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह उमटतं, त्यावर क्लिक करून त्या साइटला परवानगी द्या आणि बटण पुन्हा दाबा. मोबाइलवर हे चिन्ह दिसत नाही. तिथे क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात 'पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स'. काम झालं की परवानगी काढून घ्या. सगळ्याच साइटना ती कायमची देऊन ठेवणं बरं नव्हे.

दुसरं कारण जुन्या साइटवर सापडतं. पान सुरक्षित जोडणीवरून येतं, पण फाइलचा दुवा जुन्या, असुरक्षित पद्धतीचा असतो. २०२० पासून क्रोमनं अशी डाउनलोड टप्प्याटप्प्यानं अडवायला सुरुवात केली. डाउनलोडच्या यादीत ती फाइल इशाऱ्यासह दिसते आणि तिथेच 'कीप' म्हणून ती ठेवता येते. साइट ओळखीची आणि सरकारी असेल, पत्ता तुम्ही स्वतः टाइप केलेला असेल, तरच ठेवा.

एखादा प्लगिन टाकावा लागतो का? एका ठिकाणी तसं वाचलं.

नाही. प्लगिन म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, आणि तो सल्ला जुना झाला. क्रोममध्ये पीडीएफ वाचायची सोय २०१० पासून आतच आहे, फायरफॉक्समध्ये २०१३ पासून. जुन्या पद्धतीचे प्लगिन क्रोमनं २०१५ मध्येच बंद केले. आज कुठलीही साइट 'पीडीएफ बघण्यासाठी हा प्लगिन टाका' म्हणत असेल तर ते पान बंद करा.

पीडीएफ ब्राउझरमध्ये न उघडता थेट उतरते. (आणि काहींचं नेमकं उलट.)

दोन्ही सेटिंगचे प्रकार आहेत. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज आणि मग पीडीएफ डॉक्युमेंट्स. तिथे उतरवायची की उघडायची ते ठरवता येतं. एजमध्येही पीडीएफ कायम डाउनलोड करायचं बटण आहे. फायरफॉक्समध्ये जनरलखाली ॲप्लिकेशन्सची यादी असते. मात्र काही साइटचा सर्व्हरच ब्राउझरला सांगतो की ही फाइल दाखवू नकोस, उतरवून दे. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही, उतरलेली फाइल ओढून ब्राउझरच्या खिडकीत सोडा.

शेजारच्या संगणकावर उघडते, माझ्याकडेच नाही.

आधी इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या मेन्यूतल्या खासगी, खिडकीत करून बघा. तिथे उघडली तर एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली जादा सोय) किंवा साठलेला जुना डेटा आडवा येतोय. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. पीडीएफची आणि जाहिराती रोखणारी आधी.

डाउनलोड मॅनेजर वापरणाऱ्यांनी त्याच्याकडे नक्की बघावं. हे प्रोग्राम ब्राउझरच्या हातून दुवा काढून घेतात आणि स्वतः फाइल आणायला जातात. लॉगिन मात्र ब्राउझरपाशी असतं, त्यामुळे सर्व्हर त्यांना दारातूनच परत पाठवतो आणि वर सांगितलेलं लॉगिनचं पान पदरात पडतं. मॅनेजरच्या सेटिंगमधल्या फाइलप्रकारांच्या यादीतून पीडीएफ काढून टाका.

फाइल उघडते पण पानं कोरी किंवा काळी दिसतात? क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा.

ई-आधार पासवर्ड मागतं. मला तर कोणी पासवर्ड दिलेला नाही.

तो तुमच्यापाशीच आहे. आधारवर इंग्रजीत जसं नाव आहे त्याची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्याला लागून जन्मसालाचे चार आकडे. मध्ये जागा नाही. चुकतं ते इथे: लोक घरात वापरलं जाणारं नाव लिहितात किंवा आडनावापासून सुरुवात करतात. आधारवर आडनाव आधी छापलं असेल तर आडनावाचीच अक्षरं धरायची, नाहीतर नावाची. पहिलं नाव तीनच इंग्रजी अक्षरांचं असेल तर चौथं अक्षर त्यापुढच्या नावाचं घ्यायचं; आधारवरचं पूर्ण नावच तीन अक्षरांचं असेल तर तेवढीच तीन. नावात आद्याक्षर आणि पूर्णविराम असेल तर पूर्णविरामही एक अक्षर म्हणून मोजतात. आकडे इंग्रजीच टाका. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर पासवर्ड बरोबर असूनही चालत नाही, आणि पासवर्ड ठिपक्यांत दिसत असल्यानं हे लक्षातही येत नाही.

ई-पॅनसाठी जन्मतारीख, दिवस-महिना-साल असे आठ आकडे. आयकर विवरणपत्राच्या पोचपावतीसाठी पॅन स्मॉल अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. बँका आपापल्या पद्धती ठेवतात, त्या त्यांच्या ईमेलमध्येच लिहिलेल्या असतात.

सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह आहे. कागद बनावट आहे का?

त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तुमच्या संगणकानं सही अजून तपासलेली नाही. क्रोम किंवा एजमधल्या साध्या खिडकीत डिजिटल सहीची तपासणी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. फाइल उतरवून संगणकावरच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, सहीवर राइट क्लिक करून तिचे गुणधर्म आणि प्रमाणपत्र बघा. भारतातल्या मान्य डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रांची साखळी वर 'सीसीए इंडिया' या नावापाशी पोचते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेल्या नियंत्रकाचं हे मूळ प्रमाणपत्र. ते नाव दिसलं की ट्रस्टच्या टॅबमध्ये जाऊन विश्वासू यादीत घाला आणि सही पुन्हा तपासा. हिरवी खूण येते.

हे मूळ पीडीएफवरच करता येतं. प्रिंट काढून परत स्कॅन केलेल्या किंवा 'प्रिंट टु पीडीएफ' करून साठवलेल्या प्रतीत सहीचं फक्त चित्र उरतं. म्हणून पंधरा रुपये भरून घेतलेला डिजिटल सहीचा सातबारा जसा उतरला तसाच जपून ठेवा. कागदावर दाखवायची वेळ आली तर त्यावरच्या पडताळणी क्रमांकावरून तो साइटवर तपासता येतो. फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो, सरकारी कामाला चालत नाही.

फाइल उघडली, पण मराठीच्या जागी चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

हा प्रश्न खास आपल्याकडचा आहे, आणि आजही कचेऱ्या, छापखाने, शाळा सगळीकडे भेटतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामाईक पद्धत, रुळण्याआधी मराठी टाइप व्हायचं ते सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमधल्या सुरेख-योगेशसारख्या फॉन्टमध्ये, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीमध्ये किंवा कृतीदेवमध्ये. हे फॉन्ट एक युक्ती करतात: इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. फाइलमध्ये साठलेलं असतं इंग्रजी, त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो तो फॉन्ट. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर मुखवटा गळून पडतो. ब्राउझर बदलून इथे काही साधत नाही.

वर्डची फाइल असेल तर तोच फॉन्ट बसवा, किंवा फॉन्ट परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. परिवर्तनानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात. पीडीएफ असेल तर पाठवणाऱ्याला फॉन्ट आत बसवून, म्हणजे एम्बेड करून, परत पाठवायला सांगा. तुम्ही स्वतः वर्डमध्ये काम करत असाल तर ऑप्शन्समधल्या सेव्ह विभागात फॉन्ट एम्बेड करायची खूणचौकट आहे. ती लावून ठेवा, समोरच्याचा त्रास वाचेल.

पीडीएफ नीट दिसते, पण मजकूर कॉपी केला की बिघडतो आणि शोधलेला शब्द सापडत नाही, ही त्याचीच धाकटी बहीण. पीडीएफ मुळात अक्षरांचे आकार कुठे छापायचे ते लक्षात ठेवते. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षरानंतर टाइप करतो, पण ती छापली जाते आधी. आकारावरून अक्षर ओळखायचा तक्ता फाइलमध्ये धड नसेल, तर 'किसान' कॉपी करताना वेलांटी पुढे सुटी पडते. त्यामुळे शासन निर्णयात एखादा शब्द शोधला आणि 'सापडला नाही' असं उत्तर आलं, तर तो शब्द तिथे नाहीच असं मानू नका. पानं वाचा.

व्हॉट्सॲपवर आलेली शासन निर्णयाची लिंक उघडत नाही.

लिंक मध्येच तुटली असेल. पत्त्यात मोकळी जागा किंवा मराठी अक्षरं असली की गडबड होते. पत्त्यात मराठीचं एकेक चिन्ह नऊ इंग्रजी चिन्हांचं होऊन बसतं. 'महाराष्ट्र' हा एक शब्द नव्वद चिन्हांचा होतो. एवढा लांब पत्ता पाठवताना कुठेतरी कापला जातो. निळ्या रंगात कुठपर्यंत दिसतंय ते बघा, उरलेला काळा भागही कॉपी करून पत्त्याच्या पट्टीत चिकटवा.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे सांकेतांक. प्रत्येक शासन निर्णयावर अठरा आकडी संगणक सांकेतांक छापलेला असतो. तो आकडा राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या साइटवर शोधा. लिंक पुढे पाठवतानाही सोबत सांकेतांक आणि तारीख लिहा.

हाच हिशेब फाइलच्या नावालाही लागू आहे. अँड्रॉइडवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना-मात्रा धरून ८५ चिन्हांपुढे नाव गेलं की फाइल उतरायलाच नकार देऊ शकते. 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा…' अशा नावांनी ही मर्यादा सहज गाठली जाते. नाव लहान ठेवा, तारीख आकड्यांत घाला.

फॉर्म उघडला तर फक्त 'प्लीज वेट' लिहिलेलं एक पान दिसतं. कितीही थांबलं तरी पुढे जात नाही.

ते पान कधीच पुढे जाणार नाही. हा एक्सएफए नावाचा जुना फॉर्मप्रकार आहे. मुलाकडे कॅनडाला जाणाऱ्या आईवडिलांना तो हमखास भेटतो, कारण तिथल्या व्हिजिटर व्हिसाचा आयएमएम ५२५७ फॉर्म याच प्रकारातला. क्रोममध्ये तो दिसत नाही आणि मोबाइलवर तर नादच सोडा. फाइल उतरवून विंडोज किंवा मॅकवरच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. फायरफॉक्सनं २०२१ पासून हे फॉर्म दाखवायला सुरुवात केली, पण व्हिसाच्या फॉर्ममध्ये शेवटी 'व्हॅलिडेट' करून बारकोड तयार व्हावा लागतो, म्हणून मी रीडरच सुचवतो.

वर्डची फाइल ब्राउझरमध्ये का दिसत नाही?

क्रोम आणि फायरफॉक्सना ती स्वतःहून दाखवता येत नाही, ते उतरवून देतात. गूगल ड्राइव्हवर चढवून उघडा किंवा लिबरऑफिस टाका, ते मोफत आहे. फक्त जुन्या मराठी फॉन्टची फाइल ड्राइव्हवर उघडली की वर सांगितलेली खिचडी दिसणार.

मोबाइलवर 'कॅनॉट ओपन फाइल' येतं.

अँड्रॉइडवरच्या जुन्या क्रोममध्ये पीडीएफ दाखवायची सोय नव्हती, दुसरं ॲप लागायचं. गूगल ड्राइव्ह किंवा ॲक्रोबॅट असलं की भागतं. फोनमधली जागा भरली असेल तरी फाइल उघडत नाही, आधी तेच बघा. शेकडो पानांची स्कॅन केलेली जुनी पुस्तकं कमी मेमरीच्या फोनवर दमतात, ती संगणकावर वाचलेली बरी.

संगणक जुना आहे, विंडोज सातचा.

विंडोज सात आणि ८.१ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. काही साइट तिथे नीट चालत नाहीत. घड्याळाची तारीखही बघा. मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मग प्रत्येक सुरक्षित साइट 'जोडणी खासगी नाही' म्हणून अडते. तारीख दुरुस्त करा. रोज मागे जात असेल तर बॅटरी बदला, ती स्वस्तात मिळते.

लग्नपत्रिका आली आहे, पण उघडताना 'इन्स्टॉल' करू का विचारते.

करू नका. कागद इन्स्टॉल होत नसतो. नावात पीडीएफ असलं तरी शेवट 'एपीके' असेल तर ते ॲप आहे, आणि असली ॲप एसएमएस वाचायची परवानगी मिळवून बँकेचे ओटीपी पळवतात. पाठवणारा ओळखीचा असला तरी त्याचाच फोन हातचा गेलेला असू शकतो. त्याला साधा फोन करून विचारा. चुकून इन्स्टॉल केलंच असेल तर इंटरनेट बंद करा, ते ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. संगणकावर असाच शेवट 'ईएक्सई' असतो, आणि विंडोज तो लपवते. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मधून फाइल एक्स्टेन्शन, म्हणजे नावांचे हे शेवट, दिसतील असं करून ठेवा.

फाइल दुरुस्त करून देणाऱ्या, पासवर्ड काढून देणाऱ्या साइट वापरू का?

कवितेची फाइल असेल तर वापरा. आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, वैद्यकीय अहवाल कधीही चढवू नका. पासवर्ड नको असेल तर पासवर्ड घालून क्रोममध्ये उघडा आणि प्रिंटमधून 'सेव्ह ॲज पीडीएफ' करा. फाइल तुमच्याच संगणकावर राहते. सही त्यात टिकत नाही, त्यामुळे मूळ फाइल टाकून देऊ नका. आणि सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात काम झालं की डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधून आपली फाइल काढून टाका. तिथल्या फोल्डरमध्ये अनोळखी लोकांची आधार कार्डं पडून असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आज शेवटची तारीख आहे आणि काहीही चालत नाही.

आधी जोडणी बदला: वाय-फाय सोडून मोबाइलचा हॉटस्पॉट. मग उपकरण बदला. तरीही नाही तर संपूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, ज्यात साइटचा पत्ता, त्रुटीचा संदेश आणि घड्याळ तिन्ही दिसतील. अर्ज क्रमांक, पैसे भरले असल्यास व्यवहार क्रमांक, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, उतरलेल्या फाइलचा आकार हे सगळं लिहून मुदत संपण्याआधी हेल्पडेस्कला ईमेल करा. फोनवर सांगितलेलं मागाहून दाखवता येत नाही, ईमेलवर मात्र वेळ पडलेली असते.